एचडीआर फोटोसाठी सातारा-सांगली: पैसे कुठे घालायचे, कुठे वाचवायचे

तुमच्याकडे अलीकडचा बरा मोबाइल असेल, तर एचडीआर फोटोसाठी नवं काही विकत घेण्याआधी थांबा. आभाळ पांढरंफटक पडू नये, सावलीतला भाग काळा होऊ नये, दोन्हीकडचा तपशील एकाच फोटोत यावा, एवढ्यासाठी एचडीआर असतं. मोबाइल हे काम शटर दाबल्याबरोबर करतो. भराभर अनेक फ्रेम घेतो आणि आतल्या आत जोडतो. स्टेटसला, घरच्या ग्रुपवर, अगदी आठ बाय बाराच्या प्रिंटलाही तेवढं पुरतं. कॅमेरा आणि ट्रायपॉड खऱ्या अर्थाने लागतो तो तीन कामांसाठी: भिंतीवरचा मोठा प्रिंट, दिवस मावळल्यानंतरचा उजेड, आणि विहीर, देऊळ, कमानी अशा आत काळोख नि बाहेर ऊन असलेल्या जागा. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत या तिसऱ्या प्रकारच्या जागा भरपूर आहेत.

ढोबळ हिशेब आधी. दोघांनी पुण्याहून दोन दिवस जायचं, साताऱ्यापर्यंत एसटी, तिथून एक दिवस गाडी, एक मुक्काम, जेवण, प्रवेश तिकिटं, कॅमेरा स्वतःचा: सगळं मिळून सहा ते आठ हजार रुपये. हीच फेरी पुण्यातूनच टॅक्सी करून केलीत, तर बारा हजारांच्या पुढे. कॅमेरा आणि लेन्स भाड्याने घेतलीत, तर आणखी तीन ते सहा हजार. हंगामात भाव चढतात, म्हणून सगळं फोनवर विचारून, व्हॉट्सअॅपवर लिहून घेऊनच पक्कं करा.

गाडीच्या बिलात काय दडलेलं असतं

पुण्याची टॅक्सी बाहेरगावी जाते तेव्हा बहुतेक वाहनचालक दिवसाला किमान ३०० किलोमीटर धरतात. किलोमीटरला १२ ते १५ रुपये. पुणे ते कास आणि परत, साधारण २८० किलोमीटर. एका दिवसात परतलात तर ठीक. पण पहाटेचा उजेड हवा म्हणून मुक्काम केलात, की दोन दिवसांचे ६०० किलोमीटर लागतात, गाडी चारशेच चालली तरी. वर चालकाचा भत्ता, टोल, पार्किंग वेगळं. या तीन गोष्टी धरून एकच आकडा मागा.

स्वस्त मार्ग सरळ आहे. स्वारगेटहून साताऱ्याला दिवसभर एसटी आहेत, साध्या बसला दोनशे रुपयांच्या आसपास भाडं. महिलांना निम्मं तिकीट, ६५ ते ७५ वयाला निम्मं, ७५ च्या पुढे मोफत; ज्येष्ठांनी वयाचा पुरावा जवळ ठेवावा. साताऱ्यात स्टँडजवळ दिवसाची गाडी अडीच ते साडेतीन हजारांत मिळते. ठरवताना ‘कास, ठोसेघर’ एवढंच म्हणू नका. ‘पहाटे साडेपाचला निघायचं, संध्याकाळी अंधार पडल्यावर परतायचं’ असं स्पष्ट सांगा. फोटोवाल्याला थांबून राहणारा चालक लागतो, आणि थांबण्याचे पैसे शेवटी मागितले जातात.

सांगलीला रेल्वे सोयीची आहे. कोयना आणि महाराष्ट्र एक्स्प्रेस साताऱ्यावरून सांगलीला जातात, म्हणजे दोन्ही जिल्हे एकाच फेरीत जोडता येतात. मात्र सातारा स्टेशन गावापासून काही किलोमीटर बाहेर, माहुलीकडे आहे. रिक्षाचे पैसे हिशेबात धरा. स्टेशनकडे जाता-येता संगम माहुलीला थांबा: कृष्णा-वेण्णेचा संगम, घाट, दगडी देवळं.

पहिला खर्च लिंबच्या विहिरीवर करा

तुम्हाला एचडीआर शिकायचंच असेल तर कासच्या आधी लिंबला जा. साताऱ्याच्या अलीकडे, महामार्गापासून थोडं आत, बारा मोटांची विहीर आहे. साताऱ्याच्या राजघराण्यातल्या विरूबाईंच्या काळातली, १७१९ ते १७२४ दरम्यान बांधलेली. अष्टकोनी, सुमारे ११० फूट खोल, आत महालासारखं दालन. जिन्यावरून खाली पाहिलंत की वरचं तोंड उन्हात पांढरं आणि तळाची भिंत काळी. एकाच फ्रेममध्ये दोन्ही बसत नाहीत. एचडीआर ज्यासाठी आहे, ते इथे पाच मिनिटांत समजतं.

सकाळी आठ ते दहा जा, किंवा ढगाळ दिवशी. भर दुपारी ऊन थेट विहिरीत उतरतं, भिंतीवर कडक पट्टा पडतो, आणि तो पट्टा कुठलंही सॉफ्टवेअर नीट बसवत नाही. वाइड लेन्स हवी, १६ ते १८ मिलिमीटर. दालनातल्या अरुंद जागेत ट्रायपॉड पसरून रस्ता अडवू नका, गावकरी सौजन्याने जागा दाखवतात, ते टिकवा. पावसाळ्यात पायऱ्यांवर शेवाळ असतं. रबरी तळाचे बूट घाला, कॅमेऱ्याचा पट्टा मनगटात अडकवा.

वाईजवळच्या मेणवलीत नाना फडणवीसांचा वाडा, घाट आणि चिमाजी आप्पांच्या वसई मोहिमेनंतर आलेली मोठी घंटा आहे. घाट मोकळा, वाड्याला वेगळं तिकीट. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा: ट्रायपॉड दिसला की तुम्हाला ‘शूटिंगवाले’ समजलं जातं, आणि प्री-वेडिंगसाठीचा दर सांगितला जातो. आत शिरण्याआधी सांगा, स्वतःसाठी फोटो काढतोय, माणसं किंवा मॉडेल नाहीत. पैसे घेतले तर पावती घ्या. वाड्यात ट्रायपॉडला नाही म्हटलं तर वाद घालू नका. खिडकीच्या चौकटीवर कॅमेरा टेकवून एचडीआरच्या कमी-जास्त उजेडाच्या तीन फ्रेम हातानेही निघतात.

कास: इथे एचडीआर कमी, तयारी जास्त

कासला बहुतेक लोक एचडीआर वापरतात आणि बहुतेकांचे फोटो फसतात. कारण वारा. तीन वेगवेगळ्या फ्रेम घेतानाच्या सेकंदा-दोन सेकंदांत तेरडा हलतो, सोनकी हलते, गेंदाची डोकी हलतात. जोडल्यावर प्रत्येक फुलाच्या शेजारी त्याचं भूत दिसतं. शिवाय धुकं असेल तर उजेड-सावलीचा फरकच कमी असतो. तिथे एकच रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) पुरते. एचडीआर हवं ते ढगांच्या फटीतून ऊन पडतं तेव्हा, आणि तलावाच्या बाजूला आभाळाचं प्रतिबिंब असतं तेव्हा.

तिकिटाचं. पश्चिम घाटातल्या ज्या जागा २०१२ साली जागतिक वारसा यादीत गेल्या, त्यांत कास आहे. फुलांचा काळ साधारण ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरचे पहिले दिवस. रंगांचे गालिचे बहुतेक सप्टेंबरच्या मध्याला. हंगामात रोजच्या प्रवेशाला तीन हजार माणसांची मर्यादा असते, बुकिंग ऑनलाइन, तेही वेळेच्या गटांप्रमाणे. गेल्या काही हंगामांत माणशी दीडशे रुपये. शनिवार-रविवारचे गट लवकर भरतात. तुम्हाला जमत असेल तर मंगळवार-बुधवार घ्या आणि सकाळचा पहिला गट पकडा. बुकिंगची पावती मोबाइलमध्ये आणि छापील, दोन्ही ठेवा, पठारावर नेटवर्कचा भरवसा नाही. ओळखपत्र लागतं. सूर्योदय आणि सूर्यास्त बुकिंगच्या वेळेत बसत नाहीत. ‘कासच्या सूर्योदयाचा फोटो’ विकणाऱ्या टूरवाल्याला विचारा, नेमका कुठून.

आणि हे मी तुम्हाला आग्रहाने सांगतो. जांभ्यावर मातीचा थर बोटभरही नाही. ट्रायपॉडचा एक पाय वाटेबाहेर रोवलात, तर तिथली सीतेची आसवं पुढच्या वर्षी उगवतीलच याची खात्री नाही. ट्रायपॉड वाटेवर, पाय बंद करून एकत्र, आणि तुम्हीही वाटेवर. फुलांत आडवं पडून काढलेला फोटो कितीही सुंदर दिसो, तो काढू नका. वनखात्याचा दंड होतो हे दुसरं कारण.

पाण्याजवळचे फोटो, थोडक्यात

ठोसेघरला धबधबा पांढरा आणि दरी काळी, त्यामुळे ब्रॅकेटिंग, म्हणजे एकाच दृश्याच्या कमी-जास्त एक्स्पोजरच्या फ्रेम, लागतंच. ढगाळ सकाळ निवडा. पाहण्याच्या कठड्यावर गर्दी असली की पायाखालची जागा थरथरते आणि लांब एक्स्पोजर हलतं. माणसं पांगेपर्यंत थांबा. पाणी प्रत्येक फ्रेममध्ये वेगळं येतं, म्हणून जोडल्यानंतर पाण्याचा भाग एकाच फ्रेममधून घ्या. चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांच्या पात्यांनाही हेच लागू. येता-जाता सज्जनगड त्याच रस्त्यावर आहे, वेगळं भाडं देऊ नका.

बामणोलीला शिवसागर जलाशय. कोयनेचं पाणी, संध्याकाळी शांत. पलीकडे वासोटा, कोयना अभयारण्यात, म्हणजेच २०१० साली जाहीर झालेल्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात. पावसाळ्यात बंद. इतर वेळी बोटीचं भाडं संपूर्ण बोटीचं असतं, माणशी नाही. दोघेच असाल तर दुसऱ्या गटाबरोबर वाटून घ्या. वनखात्याचं प्रवेश शुल्क, वाटाड्या, कॅमेऱ्याचं शुल्क वेगवेगळं लागतं, प्लास्टिकची मोजदाद होते. धरणाच्या भिंतीचे आणि वीजकेंद्राचे फोटो काढू नका. तिथे बंदी आहे.

सांगलीत आयर्विन पूल. १९२९ साली खुला झाला. शहर कृष्णेच्या पूर्व काठावर असल्यामुळे सूर्य पाण्यापलीकडे मावळतो, हे फोटोवाल्याचं नशीब. पण खरा फोटो सूर्य बुडाल्यानंतर वीस ते तीस मिनिटांनी मिळतो: आभाळ निळं, पुलावरचे दिवे पेटलेले, कमानींखाली अजून थोडा उजेड. ट्रायपॉडशिवाय अशक्य. पाच फ्रेम घ्या, दिव्यांसाठी सगळ्यांत काळी फ्रेम नक्की ठेवा. हरिपूरला कृष्णा-वारणेचा संगम, संगमेश्वराचं देऊळ, तिथेही संध्याकाळच. दोन्हीला तिकीट नाही. पावसाळ्यात मात्र आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी पाहूनच निघा: ४० फूट ही इशारा पातळी, ४५ धोका पातळी. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. पाणी चढत असताना घाटावर उतरू नका, फोटोसाठी तर नाहीच.

सागरेश्वर अभयारण्य, १९८५ साली जाहीर झालेलं, सुमारे ११ चौरस किलोमीटर, माणसांनी झाडं लावून उभं केलेलं. त्यासाठी झटलेले धों. म. मोहिते यांचं नाव इथे सगळे घेतात. वरच्या टोकांवरून कृष्णेची वळणं आणि उसाचे हिरवे पट्टे दिसतात. प्रवेश, वाहन आणि कॅमेरा यांचं शुल्क वेगळं असतं, तिन्हींचा मिळून आकडा फाटकावरच विचारा. अंधारापूर्वी बाहेर पडावं लागतं, म्हणून इथे सकाळ. पायथ्याच्या देवळांत गाभाऱ्यातून बाहेरचा उजेड असा फोटो घ्यायचा तर पुजाऱ्यांना विचारा, आरतीची वेळ टाळा.

कॅमेऱ्याचं भाडं आणि खरेदी

पैसे असतील तितके ट्रायपॉडवर घाला, बॉडीवर नाही. दीड-दोन हजारांचा हलका ट्रायपॉड पठारावरच्या वाऱ्यात थरथरतो आणि तीन फ्रेम तीन जागी येतात. पाच ते दहा हजारांत चांगला मिळतो. मधला दांडा वर काढू नका, त्याच्या आकड्याला बॅग अडकवा.

जुना कॅमेरा घेणार असाल तर एकच प्रश्न आधी विचारा: आपोआप ब्रॅकेटिंग आहे का? निकॉनच्या डी३३००, डी३५०० सारख्या सुरुवातीच्या मॉडेलमध्ये ते नाही. प्रत्येक फ्रेमला हाताने एक्स्पोजर बदलावं लागतं, त्यात कॅमेरा हलतो. कॅननच्या १५००डी मध्ये तीन फ्रेमचं ब्रॅकेटिंग आहे. नव्या वस्तूवर जीएसटीचं बिल आणि भारतातली वॉरंटी मागा. ‘बिल नको, दोन-तीन हजार कमी करतो’ म्हटलं की समजा, वॉरंटीही गेली. पावसाळ्यात लेन्सला आतून बुरशी धरली तर ती वॉरंटीत बसत नाही; सफाईचे हजार-दोन हजार जातात. घरी आल्यावर बॅग उघडी ठेवा, डब्यात सिलिका जेल घाला.

भाड्याने घेताना पुण्यात फुल-फ्रेम बॉडी आणि वाइड लेन्स मिळून दिवसाला दीड ते तीन हजार पडतात, ट्रायपॉडचे दीडशे-तीनशे. दर जीएसटीसह आहे का ते विचारा. नसेल तर १८ टक्के वर. ‘दिवस’ म्हणजे चोवीस तास की तारीख, हेही विचारा. शुक्रवारी संध्याकाळी घेतलेली बॅग रविवारी दुकान बंद म्हणून सोमवारी परत दिलीत, तर चार दिवसांचं बिल येऊ शकतं. अनामत रक्कम किती, किती दिवसांत परत, लिहून घ्या. मूळ आधार कार्ड कुणाकडे ठेवू नका, पहिले आठ आकडे झाकलेलं मास्क्ड आधार द्या. ताब्यात घेताना लेन्सची पुढची-मागची काच आणि बॉडीचे ओरखडे यांचा व्हिडिओ दुकानदारासमोर काढा. एफ/१६ ला आभाळाचा एक फोटो काढून सेन्सरवर डाग आहेत का पाहा. एचडीआरमध्ये ते तिप्पट उठून दिसतात.

जागेवर काय करायचं

आभाळाचं एक्स्पोजर मोजा, मग सावलीचं. समजा आभाळ १/१०००, सावली १/१५. फरक सहा स्टॉप. चार स्टॉपपर्यंत एकच रॉ पुरते. पाच ते आठ असेल तर तीन फ्रेम, दोन-दोन स्टॉपच्या अंतराने. त्याहून जास्त, म्हणजे लिंबची विहीर किंवा गाभारा, तर पाच.

आयएसओ १००. एफ/८ किंवा एफ/११, आणि ते बदलू द्यायचं नाही. बदलायची ती फक्त शटरची गती. फोकस हाताने लावून ठेवा. व्हाइट बॅलन्स ठरवून टाका, ऑटो नको. ट्रायपॉडवर असाल तर स्थिरीकरण बंद. दोन सेकंदांचा टायमर लावा. कॅननच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत टायमरवर ब्रॅकेटच्या सगळ्या फ्रेम एका दाबात निघतात, वेगळं रिमोट घ्यायला नको. काम झालं की ब्रॅकेटिंग बंद करा, नाहीतर पुढचे घरच्यांचे फोटो एक काळा, एक पांढरा येतात. २४ मेगापिक्सेलची रॉ साधारण २५ ते ३० एमबी. पन्नास जागांच्या प्रत्येकी तीन फ्रेम म्हणजे चार-साडेचार जीबी. ६४ जीबीचं कार्ड भरपूर झालं, दोन असावीत.

ड्रोन नेणार असाल तर २०२१ चे ड्रोन नियम लागू होतात, आणि वनक्षेत्रात वनखात्याची परवानगी वेगळी. २५० ग्रॅमचा छोटा आहे म्हणून चालेल, असं अभयारण्याच्या फाटकावर कुणी ऐकत नाही. जप्त झालेला ड्रोन सोडवायला येणं-जाणं ड्रोनच्या किमतीच्या बरोबरीला जातं. नेऊ नका.

सॉफ्टवेअर: वर्गणीचं कलम वाचा

लाइटरूममध्ये २०१५ पासून एचडीआर जोडणी आत आहे आणि ती चांगली आहे. पण ‘वार्षिक, दरमहा हप्ता’ अशी योजना निवडलीत आणि चौदा दिवसांनंतर रद्द केलीत, तर उरलेल्या महिन्यांच्या रकमेचा निम्मा भाग कापला जातो. एकाच सहलीसाठी घेत असाल तर खरी मासिक योजना मिळते का पाहा आणि मिळाली तर ती घ्या, महाग दिसली तरी. किंवा पैसे देऊच नका: डार्कटेबल आणि ल्युमिनन्स एचडीआर मोफत आहेत, मोबाइलवर स्नॅपसीड. ‘प्रीसेट पॅक’ विकणाऱ्या जाहिरातींना पैसे देऊ नका, कासच्या उजेडाला दुसऱ्या देशातलं प्रीसेट बसत नाही.

जोडताना ‘डीघोस्ट’ (हललेल्या गोष्टींची भुतं काढणारा पर्याय) मध्यम ठेवा. मग सावल्या थोड्या काळ्या राहू द्या. ढगांच्या कडेला पांढरी कड दिसली, हिरवळ विजेसारखी चमकली, की समजा हात जास्त पडला, अर्ध्यावर आणा.

प्रिंट आणि तक्रार

प्रिंट साताऱ्यात, सांगलीत, पुण्यात कुठेही होतात. १२ बाय १८ चा साधा प्रिंट शंभराच्या आसपास, कॅनव्हास चौरस फुटावर. दर विचारताना चौकट, काच आणि लॅमिनेशन यांचे पैसे वेगळे विचारा. फ्रेमचं बिल प्रिंटच्या चार-पाच पट होतं ते इथेच. फाइल एसआरजीबीमध्ये द्या. लॅबचं यंत्र स्वतःहून उजेड ‘सुधारतं’, आणि तुम्ही सांभाळलेलं आभाळ पुन्हा पांढरं करतं. ऑर्डरवर ‘करेक्शन करू नये’ असं लिहून सही घ्या. मोबाइलवर चमकणारा फोटो कागदावर काळपट दिसतो, म्हणून आधी पोस्टकार्डाएवढा नमुना काढून घ्या. त्याचे दहा-वीस रुपये द्या.

भाड्याची अनामत अडवली, वॉरंटी नाकारली, टूरचे पैसे परत दिले नाहीत, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. फोन करण्याआधी बिल, व्हॉट्सअॅपवरचं बोलणं आणि पैसे दिल्याची नोंद हाताशी ठेवा.